तलाव रिकामे कधी होतात? परतीच्या स्थलांतराच्या प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

सुरुवात केली एकदाची. कल्पना साधी आहे. पक्षी येतात कधी हे सगळ्यांना माहीत असतं, कारण नोव्हेंबरात बदकांचा पहिला थवा उतरला की ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडतो, पण ते जातात कधी असं विचारलं की सगळे "मार्च-एप्रिल" म्हणून मोकळे होतात. मार्च-एप्रिल म्हणजे एकसष्ट दिवस झाले राव. त्यात आधी कोण निघतं, शेवटी कोण, एकदम जातात की थोडे थोडे, याचं उत्तर आपल्या पठारावरच्या साध्या तलावांसाठी कुणाकडे धड नसतं. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, आपल्याकडे १९८७ पासून चालू आहे, तेव्हा सगळे दुर्बिणी घेऊन काठावर असतात, आणि गणना झाली ऊन तापायला लागलं की काठ रिकामा. म्हणजे पक्ष्यांच्या आधी पक्षीनिरीक्षकच स्थलांतर करतात.

तीन जागा ठरवल्यात. एक मोठा तलाव म्हणजे धरणाचं बॅकवॉटर, दुसरं जुनं तळं ज्यात पाणवनस्पती भरपूर आणि पाणी कमी, तिसरा पाझर तलाव जो मार्च संपेपर्यंत बहुतेक आटतोच. नावं मुद्दाम देत नाहीये, हंसांमागे कॅमेरे घेऊन धावणारी मंडळी आधीच खूप आहेत. ज्यांना भरगच्च थवे बघायचेत त्यांना भिगवण आहे, जायकवाडी आहे, नांदूरमध्यमेश्वर आहे, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. आमचे तलाव तसे नाहीत, पण दर आठवड्याला जाता येतं आणि या कामाला तेच लागतं.

नियम: दर वेळी काठावरची तीच जागा, सूर्योदयानंतर अर्ध्या तासात सुरू, एका जागी एक तास. सोबत सर आहेत, निवृत्त शिक्षक, आमच्या जन्माआधीपासून पक्षी बघतायत, स्कोप (लांबचं बघायची एकनळी दुर्बीण) पण त्यांचाच. त्यांची अट एकच, "अरे, दिसला नाही तर शून्य लिहायचं, रकाना कोरा ठेवायचा नाही." बरोबरच आहे, कोरा रकाना म्हणजे बघितलंच नव्हतं की बघूनही पक्षी नव्हता हे मे महिन्यात कुणाला आठवणार.

५ फेब्रुवारी

शीट तयार. रकाने: तारीख, जागा, वेळ, प्रजाती, आकडा, पाण्याची पातळी (काठावरच्या दगडावर खूण केलीय), वारा, व्यत्यय, शेरा. यादी छोटीच ठेवलीय, पट्टकदंब (हंस म्हणतो ते हेच), तलवार बदक, थापट्या, भुवई बदक, चक्रांग, तरंग, चक्रवाक, तपकिरी डोक्याचे कुरव, पाणटिवळे, छोटे टिलवे, पिवळा धोबी. बाकी जे दिसेल ते ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर, जाणारच आहे. चांदवा यादीत घ्यायचा की नाही यावर बरीच चर्चा झाली, शेवटी नको ठरलं, कारण त्यांच्यातले काही इथेच राहतात आणि काही जातात, मग कमी झाले तर नक्की काय झालं ते कळत नाही.

९ फेब्रुवारी

मोठ्या तलावावर पट्टकदंब, साधारण १८०. दिवसा पाण्याच्या कडेला किंवा उथळ बेटावर बसून असतात आणि चरायला रात्री, नाहीतर अगदी पहाटे शेतात जातात, त्यामुळे सकाळी लवकर गेलं की ते हरभऱ्यावरून परत येताना दिसतात, आधी आवाज येतो आणि मग आकाशात एक वाकडी ओळ, ती तलावावर आली की अचानक मोडते आणि सगळे अंग तिरकं करत, डुलत खाली येतात.

मोजायची पद्धत लिहून ठेवतो, नवीन पोरांना उपयोगी पडेल. आधी दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढे पक्षी किती जागा घेतात ते डोळ्यात भरून घ्यायचं आणि मग तेवढीच जागा पुढे पुढे सरकवत न्यायची. थवा मोठा असेल तर तेच पन्नासचं करायचं. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि मोजून होईपर्यंत एकमेकांना आकडा सांगायचा नाही, नाहीतर दुसऱ्याचा आकडा आपोआप पहिल्याच्या जवळ जातो.

हंसांच्या माना एकेक करून स्कोपमधून तपासल्या, कॉलर (ओळखीचा कोड असलेला गळपट्टा) आहे का बघायला. मंगोलियात कॉलर घातलेले पट्टकदंब भारतात सापडलेले आहेत, त्यामुळे आशा असते. आज काही नाही. पायातली रिंग चिखलात आणि पाण्यात दिसतच नाही, मानेवरचा कोड मात्र स्कोपमधून लांबूनही वाचता येतो, म्हणून हंसांना कॉलर. सर सांगत होते की पक्ष्यांना नंबर घातलेली अॅल्युमिनियमची रिंग घालून पद्धतशीर अभ्यास १८९९ मध्ये डेन्मार्कच्या मॉर्टेनसेननी सुरू केला आणि तेही शिक्षकच होते. हे सांगताना सरांचा चेहरा बघण्यासारखा होता.

१६ फेब्रुवारी

या वीकेंडला, म्हणजे १४ ते १७, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट (सगळ्यांनी मिळून पक्षी मोजायचा जागतिक उपक्रम) आहे, त्यामुळे जुन्या तळ्यावर चक्क गर्दी. कॉलेजची मुलं आली होती, चांगली होती, शांत. भारतात हे २०१३ पासून होतंय. मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली, यादी पूर्ण करा, म्हणजे ओळखता आलेला प्रत्येक पक्षी टाका, साळुंकी आणि कावळा सुद्धा. फक्त "भारी" पक्षी टाकले तर त्या यादीवरून एखादा पक्षी तिथे नव्हता असं कुणाला म्हणताच येत नाही, आणि आमचा सगळा प्रकल्पच मुळात "नव्हता" वर उभा आहे. आणि आकड्याच्या जागी एक्स (पक्षी होता, किती ते मोजलं नाही) टाकायची सवय तर मला अजिबात पटत नाही. अंदाजे ४० लिहिलं तरी चालेल, एक्समधून ४ होते की ४०० हे कळायला मार्ग नाही.

थापट्यांचा घोळका आज अगदी जवळ होता. पंधरा-वीस जण चोची पाण्यात घालून गोल गोल फिरत होते, एकाच्या शेपटीमागे दुसरा, त्यांच्या फिरण्याने खालचं बारीकसारीक वर येतं आणि मग ती फावड्यासारखी चोच ते गाळून घेते. चोचीच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात, स्कोपमधून ते सुद्धा दिसले. तलवार बदकांचे नर मानेला झटके देत मादीभोवती फिरतायत, जोड्या इथेच जुळतात आणि मग जोडीने उत्तरेला.

२३ फेब्रुवारी

मोठ्या तलावाचं पाणी खुणेच्या दगडापासून चांगलंच मागे गेलंय. उघड्या पडलेल्या जमिनीत लोकांनी गाळपेर केलीय, आणि पीक आणि पाणी यांच्यामध्ये जो ओल्या चिखलाचा पट्टा राहतो तिथे टिलवे, तुतवार, चिखले नुसते पसरलेत. टिलवे मोजणं हा वेडेपणा आहे, एक जागी थांबेल तर शपथ. २५० ते ३०० धरले.

कुरवांची डोकी रंगायला लागली. हिवाळाभर पांढरं डोकं आणि डोळ्यामागे एक काळपट ठिपका एवढंच असतं, आता काहींचं डोकं निम्मं तपकिरी, काहींचं पूर्ण, आणि एकाचं असं की जणू कुणीतरी रंगवता रंगवता ब्रश टाकून चहाला निघून गेलंय. शेऱ्यात नवीन गोष्ट टाकतोय, पूर्ण रंगलेल्यांचं प्रमाण. जाण्याची तयारी आकड्याच्या आधी पिसांवर दिसते.

पाझर तलावावर तरंग बदकं शून्य. मागच्या आठवड्यात १२ होते.

२ मार्च

पट्टकदंब ६० च्या आसपास. उरलेले अस्वस्थ होते, म्हणजे उगाच सगळे एकदम उडायचे, तलावावर एक चक्कर मारून परत तिथेच बसायचे, आणि आवाज भयंकर. जाळी काढायला आलेले एक मामा भेटले, त्यांना विचारलं तर म्हणाले, "बुधवारी रात्री गेलं की दादा एक टोळकं, लई ओरडत होतं, वर वर जात होतं, शेताकडं नाही वळलं." हे सोनं आहे. आम्ही सकाळी एक तास बसणार आणि बहुतेक स्थलांतर होतं रात्री, थंड आणि शांत हवेत, म्हणजे निघतानाचा क्षण आमच्या वेळेत बसणारच नाही कधी. मामांचा नंबर घेतला, पुन्हा काही ऐकलं तर कळवतील. शीटमध्ये "ऐकीव" असा वेगळा रकाना केला, आमच्या आकड्यांत तो मिसळायचा नाही.

९ मार्च

मोठा तलाव, पट्टकदंब: ०.

जुनं तळं: ०. पाझर तलाव: ०.

आता प्रश्न हा की "शेवटची तारीख" काय लिहायची. २ मार्चला होते, ९ ला नाहीत, मग गेले ते या दोन तारखांच्या मधे कधीतरी. नुसतं २ मार्च लिहिलं तर पुढच्या वर्षी ७ मार्चला हंस दिसल्यावर कुणीतरी म्हणणार की यंदा उशिरा गेले, आणि त्यात काहीच अर्थ नसेल. म्हणून दोन रकाने, शेवटचं दिसलं आणि पहिलं शून्य. हे अंतर कमी करायचं तर आठवड्याच्या मधे एक फेरी वाढवायला पाहिजे, ती बुधवारी, निदान मोठ्या तलावावर.

ते आत्ता कुठे असतील यावर घरी येताना बराच वेळ गप्पा. लडाख, तिबेट, मंगोलिया इकडे त्यांचं प्रजनन होतं, म्हणजे मधे हिमालय. एव्हरेस्टवरून उडतात वगैरे गोष्टी सगळीकडे फिरत असतात. पाठीवर ट्रॅकर बसवून केलेल्या अभ्यासात नोंदलेली सगळ्यात जास्त उंची ७,२९० मीटर आहे, आणि बहुतेक वेळ ते त्यापेक्षा बरेच खाली, डोंगराच्या उताराला धरून दऱ्याखोऱ्यांतून जातात. त्यांचं हिमोग्लोबिन विरळ हवेत सुद्धा ऑक्सिजन जास्त घट्ट पकडतं. मला तर हे एव्हरेस्टच्या गोष्टीपेक्षा भारी वाटतं, उंच उडायची हौस वगैरे काही नाही, गरजेपुरतं वर जायचं आणि पुन्हा खाली यायचं.

१२ मार्च

बुधवारची फेरी. तलवार बदक ३५, रविवारी ९० होते. वारा नाही, आकाश स्वच्छ. चक्रवाक ४.

१६ मार्च

आज डोकं चक्रावलं. आकडे कमी होत जाणार असं धरून चाललो होतो आणि जुन्या तळ्यावर भुवई बदकं मागच्या रविवारी २५, आज १४० च्या वर. सरांना अजिबात नवल वाटलं नाही, "दक्षिणेतली निघालीत, आपल्याकडे मुक्काम." बरोबर आहे, भुवई बदकं मोठ्या संख्येने दक्षिण भारतात हिवाळा काढतात, ती परत जाताना आपल्या तळ्यांवर उतरतात, खातात आणि पुढे निघतात. मग आज दिसलेल्या १४० मध्ये हिवाळाभर इथे असलेले २५ आहेत की ते कधीच गेले आणि हे सगळे नवीन, हे मोजून कळणारच नाही. आकडा तोच राहिला तरी आतले पक्षी बदललेले असू शकतात. म्हणजे आमचा तलाव एकाच वेळी कुणाचं हिवाळ्याचं घर आणि कुणाचा एसटी स्टँड.

नर बघून घ्यावेत आत्ता. डोळ्यावरून मानेपर्यंत गेलेली पांढरी भुवई इतकी ठळक की उन्हात नुसती तीच चमकते, बाकी अंग पाण्यात विरघळल्यासारखं. खाणं मात्र अधाशासारखं चाललंय. लांबच्या प्रवासाआधी पक्षी चरबी साठवतात, तीच पुढचं इंधन.

दुसरी अडचण, उन्हाची. साडेआठनंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि स्कोपमध्ये लांबचं बदक म्हणजे एक हलणारा डाग. झूम वाढवलं की आणखी वाईट, उलट कमी ठेवायचं. क्रम बदलला: मोठा तलाव आधी कारण तिथे अंतर जास्त, पाझर तलाव शेवटी. सूर्योदयही लवकर व्हायला लागलाय, गजर मागे घेत न्यावा लागतोय.

२३ मार्च

पाझर तलाव म्हणजे आता एक हिरवं डबकं आणि भोवती गवत. त्या गवतात पिवळे धोबी, शंभराला दोन-चार कमी असतील. म्हशींच्या पायाशी चालतात, म्हैस पाऊल उचलते, किडे उडतात, हा शेपटी वरखाली करत दोन पावलं पळतो आणि टिपतो. हिवाळ्यात मळकट दिसणारे हेच पक्षी आता हळदीने माखल्यासारखे पिवळेधमक. यात उपप्रजाती ओळखायची मजा असते, कुणाचं डोकं काळंभोर, कुणाचं राखाडी, कुणाच्या डोळ्यावर पांढरी रेघ, आणि प्रत्येकाचं प्रजननाचं ठिकाण वेगळं. माद्या आणि तरुण पक्षी आम्ही नुसते "पिवळा धोबी" म्हणूनच लिहितो, त्यांच्यावर वाद घालत बसलो तर ऊन डोक्यावर येईल.

कुणीतरी विचारलं की इथे गरम व्हायला लागलं म्हणून जातात का. मुख्य घड्याळ दिवसाच्या लांबीचं आहे. १९२० च्या दशकात कॅनडात विल्यम रोवन यांनी जुंको नावाचे छोटे पक्षी पिंजऱ्यात ठेवून ऐन कडाक्याच्या थंडीत दिव्यांनी त्यांचा दिवस थोडा थोडा वाढवत नेला, तर त्यांच्या शरीरात वसंतातले बदल व्हायला लागले. म्हणजे थंडी असली तरी फरक पडला नाही, उजेड वाढला हे पुरलं. साधारण तारीख दिवसाची लांबी ठरवते आणि नेमकी रात्र वारा, ढग आणि अंगावरची चरबी. म्हणून वाऱ्याचा रकाना.

तलवार बदक सगळीकडे ०. बुधवारी ३ होते, तेव्हा यांचं अंतर चारच दिवसांचं आलं. बुधवारच्या फेरीचं सार्थक झालं.

३० मार्च

मोठ्या तलावाच्या उत्तरेच्या काठावर गाळ काढायला जेसीबी आणि डंपर. गाळ काढणं चुकीचं आहे असं म्हणत नाहीये, शेतात पडला तर जमिनीला चांगला आणि तलावात पाणीही जास्त राहतं, पण आमच्या नोंदीचं काय, तर त्या बाजूला एकही बदक नाही आणि सगळी पलीकडच्या कोपऱ्यात आमच्या जागेवरून अर्धवट दिसतील अशी. आज थापट्या २२ लिहिलेत त्याचा अर्थ "गेले" असा लावायचा नाही. व्यत्ययाच्या रकान्यात सविस्तर लिहिलं आणि पलीकडून सुद्धा मोजलं, ते वेगळ्या ओळीत. जागा बदलून मोजलेलं मुख्य ओळीत घातलं तर आतापर्यंतच्या नोंदींशी तुलना करता येणार नाही.

पाणटिवळे ११, त्यातले सहा-सात छातीपर्यंत विटकरी. हे रंग हिवाळ्यात बघायलाच मिळत नाहीत, लोक एप्रिलमध्ये का येत नाहीत देव जाणे.

६ एप्रिल

मागच्या रविवारपासून एक तलवार बदकाची मादी दिसतेय, डावा पंख थोडा लोंबलेला. उडत नाही. आता तलवार बदकाची शेवटची तारीख काय? ही मे मध्ये पण इथेच असेल बहुधा, आणि तिच्यामुळे शीट बघणाऱ्याला वाटेल की तलवार बदकं मेपर्यंत थांबतात. तसंच पहिल्या वर्षाचे काही वेडर (टिलव्यांसारखे चिखलात चरणारे पक्षी) परत जातच नाहीत, अख्खा उन्हाळा इकडेच काढतात. यावर बराच खल झाला. ठरलं असं: दोन तारखा लिहायच्या, एक जेव्हा आकडा हंगामातल्या सर्वात मोठ्या आकड्याच्या दहा टक्क्यांखाली गेला ती, आणि दुसरी शेवटच्या पक्ष्याची. जखमी पक्षी शेऱ्यात. पहिली तारीखच जास्त बोलकी आहे असं माझं मत, सरांना दुसरी प्यारी आहे, राहू देत दोन्ही.

कुरव ०, बुधवारीही नव्हते. शेवटी जे होते त्यातले जवळपास सगळे पूर्ण रंगलेले होते.

१३ एप्रिल

जुन्या तळ्यावर कल्लेदार सुरय, पोट काळसर, गाल पांढरे, डोकं काळं, पाण्यावर तरंगत येतात, चोच लावतात, वर जातात. चिखलात छोटे टिलवे ३० राहिलेत, पाठीवर तांबूस झाक. आणि इथलेच कायमचे रहिवासी आता रंगात आलेत, कमळपक्ष्याची शेपटी लांब व्हायला लागलीय, टिबुकलीची मान तांबडी झालीय आणि तिचं ते खिदळणं दिवसभर. हळदी-कुंकू बदकांच्या जोड्या कडेच्या गवतात शिरतायत. तळं रिकामं झालं म्हणतो ते पाहुण्यांपुरतंच.

२७ एप्रिल

मागचा रविवार चुकला नाही, फक्त लिहायला वेळ झाला नव्हता, आकडे शीटमध्ये आहेत. आज भुवई बदक ९, थापट्या २, बाकी यादीतलं सगळं ०. आणि ती जखमी मादी, मजेत खातेय. थापट्या टाकल्यावर ईबर्डने विचारलं नक्की का, या तारखेला इतक्या उशिरा सहसा नसतात म्हणून. फोटो जोडला, दोन्ही नर, ती चोच बघून शंका घ्यायला जागाच नाही. असं विचारलं की काही लोक चिडतात, मला उलट बरं वाटतं, कुणीतरी तपासतंय.

पुढचं काम: मे भर रविवारची फेरी चालू ठेवायची, बुधवारची बंद. पाझर तलाव पूर्ण आटला, त्याची ओळ "पाणी नाही" अशी लिहायची, शून्य वेगळं आणि पाणीच नाही वेगळं. शीटची एक प्रत मामांच्या मुलाला पाठवायचीय, त्याने मागितलीय, "ऐकीव" रकाना तो स्वतः भरतो म्हणालाय. आणि जुलैच्या शेवटी पुन्हा सुरू, कारण हिरवे तुतवार पावसाळ्यातच परत यायला लागतात, म्हणजे मधे जेमतेम दोन महिन्यांची सुट्टी. सरांनी आत्तापासून सांगून ठेवलंय की त्या फेरीला छत्री ज्याची त्याने आणायची.